रेईश मागूशचा दरवाजा

माझ्यासारख्या पेणकरपाड्यातल्या माणसाला तुरुंग झालेला पोर्तुगीज किल्ला पाहायचा तर ठाणं जवळचं. पण 1737 मध्ये मराठ्यांनी घेतलेला तो किल्ला आजही मध्यवर्ती कारागृहच आहे. सहज आत जायचं तर हातून काहीतरी घडावं लागेल. संपादकांना ते परवडणारं नव्हतं. त्यांनी मला गोव्याला धाडलं, मांडवीच्या उत्तर काठी, वेरेंच्या रेईश मागूश किल्ल्यावर.

इतिहास भराभर आटोपतो. 1551 ची मूळ बांधणी, 1707 मध्ये पुनर्बांधणी. 1739 मध्ये मराठ्यांनी बारदेस व्यापला, तेव्हाही हा आणि आग्वादचा किल्ला हाती आले नाहीत. पुढे तुरुंग: आधी पोर्तुगीजांचा, गोवामुक्तीनंतर आपला, थेट 1993 पर्यंत. मग हेलन हॅम्लिन यांचा न्यास, वारसा जपणारी संस्था इन्टॅक आणि गोवा सरकार एकत्र आले, वास्तुविशारद जेरार्ड दा कुन्हा यांनी डागडुजी केली आणि 2012 मध्ये किल्ला सांस्कृतिक केंद्र म्हणून उघडला.

मी रेंगाळलो ते दरवाजापाशी. वरच्या खोलीच्या जमिनीला एक भोक आहे, नेमकं प्रवेशाच्या डोक्यावर. खाली शत्रू आला की त्यातून कढत तेल ओतायचं. किती साधी, किती नीच युक्ती! ना चाक, ना कळ. माणूस कुठे थांबणार एवढंच बांधणाऱ्याने ओळखलं होतं. तुरुंगवाल्यांना असा चिंचोळा दरवाजा आयताच मिळाला. बाहेरच्याला अडवणारी वाट आतल्यालाही अडवते.

आत व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची चित्रं आहेत. त्यांच्या कागदावर बाजार, बार, गच्च भरलेली बस. रिकामा कोपरा सापडणं मुश्कील. कैद्यांच्या भिंतींना एवढी गर्दी लाभली, हे मला फार आवडलं. 2011 च्या डिसेंबरात मारियो गेले. केंद्र उघडलेलं त्यांना पाहता आलं नाही.

अडचण पुन्हा त्या दरवाजाचीच. केंद्रातल्या मैफलीला खुर्च्या, ध्वनिक्षेपक, तंबोरे आणि गुडघे दुखणारे रसिक लागतात. हे सगळं चढण चढून त्याच वाटेने यायचं. रुंद करावी तर किल्ला बिघडतो, ठेवावी तर श्रोते घटतात. त्यात जांभा पाणी पितो. चार महिन्यांच्या पावसात चुन्याचा गिलावा सुटतो, दमट हवेत कागद लाटा धरतो. उद्घाटनाचा पैसा एकदा मिळतो. चुन्याचं काम जाणणारा गवंडी मात्र दर दिवाळीआधी लागतो, आणि त्याच्या मजुरीसाठी कोणी फीत कापायला येत नाही.