जंतू मेले, तरी नस धुमसते

पनवेलजवळ नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे ‘शांतिवन’ आहे. या रोगात बोटे का वाकतात, याचा शोध घेताना मला एक गोष्ट फार उशिरा कळली : नसेची बरीचशी हानी आपल्याच प्रतिकारशक्तीकडून होते.

बहुविध औषधोपचार सहा ते बारा महिने चालतो. जंतू मरतात, पण त्यांचे अवशेष नसांमध्ये उरतात. शरीर त्यांच्यावर तुटून पडते आणि नस सुजते. डॉक्टर याला ‘रिअ‍ॅक्शन’ म्हणतात. उपचार संपल्यावरही ती येते. कधी तर दुखतसुद्धा नाही.

कोपर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या नेणारी नस या रोगात वारंवार सापडते. हाताने चाचपून ती जाड लागते. पण सूज आजची की जुनी, हे बोटांना नेमके कळत नाही. सोनोग्राफीत नसेच्या छेदाचे क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये मोजता येते. कलर डॉपलर आतला वाढलेला रक्तप्रवाह दाखवतो. निरोगी नसेत तो सहसा दिसत नाही. हैदराबादच्या रुग्णांवरील, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रिअ‍ॅक्शन आलेल्या नसांत तो आढळला.

स्टेरॉइडनंतर पुन्हा तपासले, की सूज उतरते आहे का ते समजते. अर्थात स्पर्शज्ञान आणि स्नायूंची ताकद पाहावीच लागते. नवी इजा सहा महिन्यांच्या आत सापडली, तर हात वाचण्याची आशा अधिक. म्हणून कागदावर ‘रोगमुक्त’ असा शेरा पडला, तरी नसांवरची नजर काढून चालत नाही.