मोटारीतील चार्जिंग दोष

इंजिन चालू असताना बॅटरी पुन्हा भारित करणाऱ्या आणि दिवे, वातानुकूलन आदी उपकरणांना वीज पुरवणाऱ्या व्यवस्थेला मोटारीची चार्जिंग यंत्रणा म्हणतात. आल्टरनेटर हा तिचा मुख्य घटक होय. या यंत्रणेतील दोषाचे लक्षण बहुधा एकच असते : सकाळी गाडी सुरू होत नाही. कारणे मात्र अनेक असतात. त्यामुळे आल्टरनेटर निर्दोष असतानाही तो बदलला जातो.

रचना

आल्टरनेटर इंजिनाच्या पट्ट्याने फिरतो. त्याच्या फिरत्या गुंडाळीला कार्बन ब्रशांमधून अल्प प्रवाह मिळून चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि स्थिर गुंडाळ्यांत प्रत्यावर्ती प्रवाह उत्पन्न होतो. डायोड त्याचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतात, तर रेग्युलेटर व्होल्टेज मर्यादेत राखतो. पूर्वीच्या मोटारींत हे काम डायनामो करीत असे. इंजिन मंद गतीने फिरत असताना त्याची वीज अपुरी पडे.

निदान

प्रथम बॅटरी तपासावी. काही तास उभ्या असलेल्या गाडीची पूर्ण भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ व्होल्ट म्हणजे ती जवळपास निम्मी रिकामी. इंजिन सुरू केल्यावर हा आकडा साधारणतः १३.८ ते १४.५ पर्यंत चढला पाहिजे. तो चढला नाही तर पट्टा सैल आहे का, हे पाहावे. त्यानंतर आल्टरनेटरच्या मुख्य अग्रावर मोजणी करावी. तेथे १४.२ आणि बॅटरीवर १३.२ असा फरक आढळल्यास दोष आल्टरनेटरचा नसून केबल, फ्यूज किंवा गंजलेल्या अर्थिंगचा असतो. हीच तपासणी सर्वाधिक वेळा टाळली जाते. नव्या मोटारींत संगणक व्होल्टेज मुद्दाम कमीजास्त करतो. तेथे एका मोजणीवरून निष्कर्ष काढू नये.

चार्जिंग योग्य असूनही रात्रीतून बॅटरी उतरत असेल, तर एखादे उपकरण गाडी बंद असतानाही वीज ओढत असते किंवा बॅटरीच जीर्ण झालेली असते. चालू इंजिनात बॅटरीची तार काढून आल्टरनेटर ‘तपासण्याची’ जुनी पद्धत घातक आहे. व्होल्टेज एकाएकी उसळून डायोड आणि संगणक जळू शकतात.

पुरात सापडलेली वाहने

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी कोल्हापूरच्या सखल वस्त्यांत शिरले व पुणे–बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद झाला. अशा पाण्यात बुडालेल्या आल्टरनेटरचे बाह्य आवरण लवकर सुकते, परंतु ब्रश आणि बेअरिंगमध्ये गाळ राहतो. तो काही काळ चालतो. पुढे घरघर सुरू होते, तांब्याच्या जोडांवर हिरवट गंज चढतो. म्हणून बुडालेली गाडी सुरू करून पाहण्यापूर्वी बॅटरीची तार सोडवावी आणि आल्टरनेटर उघडून स्वच्छ करावा.

पर्यायी आल्टरनेटरची निवड

केवळ ब्रश, बेअरिंग किंवा रेग्युलेटर खराब असल्यास तेवढा भाग बदलून भागते. गुंडाळी जळली असल्यास मात्र दुसरा आल्टरनेटर घेणे बहुधा श्रेयस्कर. तो मूळ अँपिअर क्षमतेचा तरी असावा. पुलीवरील खाचा, बसवण्याचे कान आणि विद्युत जोडणीही जुळली पाहिजे.

अनेक डिझेल वाहनांत आल्टरनेटरच्याच मागे व्हॅक्यूम पंप असतो आणि त्यावर ब्रेकचे साहाय्य अवलंबून असते. पंप नसलेला किंवा त्याची तेलनळी नीट न जोडलेला आल्टरनेटर बसवल्यास ब्रेक पेडल जड होते. आंबा घाट वा गगनबावड्याकडील करूळ घाट उतरताना हा दोष जिवावर बेतू शकतो.

नवा आल्टरनेटर बसवण्यापूर्वी बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भारित करावी. रिकामी बॅटरी भरण्याचा संपूर्ण भार नव्या यंत्रावर पडल्यास ते तापून अल्पावधीत निकामी होऊ शकते.