खोलीतला चकवा

पेढी नदीच्या काठी वलगावात काय, किंवा वऱ्हाडातील दुसऱ्या एखाद्या गावात काय, चकव्याच्या गोष्टी तुम्ही वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या असतील. अंधाऱ्या रात्री वाटसरू शेतातून निघतो. आपण सरळ चाललो आहोत अशी त्याची खात्री असते. आणि तासाभराने पाहतो, तो पुन्हा त्याच बाभळीखाली उभा!

यात भुताचा हात मुळीच नाही. जर्मनीतील शास्त्रज्ञांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही माणसांना अनोळखी जंगलात सरळ चालावयास सांगितले. ज्यांना सूर्य दिसत होता, ती बरीच सरळ गेली. आभाळ भरून आलेल्या दिवशी चाललेली मात्र नकळत गोल फिरून आपल्याच वाटेवर आली. डोळे बांधलेल्यांची वर्तुळे तर कधी कधी अवघ्या २० मीटर व्यासाची होती.

माणसाच्या या उणिवेचा आता मोठ्या युक्तीने उपयोग करतात. ‘आभासी वास्तव’ दाखविणारा हेडसेट डोळ्यांवर चढविला, की खोली दिसेनाशी होते व तिच्या जागी, समजा, चिखलदऱ्याचा गाविलगड उभा राहतो. हेडसेटवरील बारीक कॅमेरे डोके किती सरकले हे क्षणोक्षणी टिपतात. तुम्ही पाऊल टाकले, की गडही तेवढाच जवळ येतो. पण गड अफाट आणि खोली दहा पावलांची! भिंत जवळ आली, की डोळ्यांपुढे जाळी उमटते आणि थांबावे लागते.

मग खुर्चीत बसून हातातल्या कळीने पुढे जावे काय? तसे करता येते, परंतु पुष्कळांना मळमळते. शरीराची हालचाल ओळखणारी इंद्रिये कानाच्या आत असतात. डोळे म्हणतात, ‘चाललो’; कान म्हणतात, ‘बसलोच आहे’; आणि या भांडणात पोट ढवळून निघते. एसटीत पुस्तक वाचताना गाडी लागते ती याच भांडणाने. फक्त तेथे बाजू उलट असतात.

२००१ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संशोधकांनी निराळा उपाय योजला. चालणारा मान वळवी, तेव्हा ते दृश्य किंचित अधिक फिरवीत. त्याच्या हे ध्यानात येत नसे. पाय मात्र दृश्यामागे वळत. आपण लांबलचक दालनात नागमोडी पुढे चाललो आहोत असे त्याला वाटे, आणि प्रत्यक्षात तो त्याच प्रयोगशाळेत येरझारा घालीत असे. हा चकवाच की, पण मोजूनमापून लावलेला!

तथापि फसविण्यालाही मर्यादा आहे. वळत असूनही सरळ चालल्याचा भास टिकावयाचा, तर वर्तुळाची त्रिज्या निदान २२ मीटर हवी, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसून आले. म्हणजे ४४ मीटर रुंद मोकळी जागा! कबड्डीची तीन मैदाने लांबीला लांबी लावून मांडली, तरी ती भरणार नाही. वलगावात अशी जागा शेतात मिळेल, घरात नव्हे.

घरासाठी म्हणून काहींनी परातीसारखा गुळगुळीत चौथरा तयार केला आहे. कमरेला पट्टा बांधून त्यावर पाय घसरवीत जागच्या जागी चालावयाचे. घाण्याचा बैल निदान गोल तरी फिरतो. येथे तेवढेही नाही. पाय थकतात, डोळे गड पाहतात, पण कान मात्र याही युक्तीला पुरते फसत नाहीत.