मस्टँगचं मागचं सस्पेन्शन: बोल्ट आवळायचा कधी?

आज आपण गाडीच्या मागच्या सस्पेन्शनमध्ये बाहेरचे, म्हणजे मूळ कंपनीचे नसलेले, भाग बसवण्याबद्दल बोलणार आहोत. नुसतं ‘सस्पेन्शन’ म्हटलं तर विषय हाताला लागत नाही, म्हणून एकच गाडी समोर ठेवू: फोर्ड मस्टँग, 2005 ते 2014 या वर्षांतली. अमेरिकेतल्या आपल्या श्रोत्यांना ती जुन्या गाड्यांच्या बाजारात अजून सहज मिळते. भारतात 2016 पासून विकली गेली ती पुढची पिढी. तिची मागची चाकं स्वतंत्र आहेत, त्यामुळे आजचे भाग तिला बसणार नाहीत.

या गाडीला मागे एकच अखंड ॲक्सल आहे, आपल्याकडच्या ट्रकला असतो तसा. फरक एवढाच की ट्रकचे पाटे दोन्ही कामं करतात: वजनही झेलतात आणि ॲक्सलला जागेवरही धरतात. मस्टँगमध्ये वजन झेलायला कॉइल स्प्रिंग आहेत. त्या ॲक्सलला धरू शकत नाहीत. म्हणून धरायला चार दांड्या दिल्या. खाली डावीकडे-उजवीकडे एकेक लोअर कंट्रोल आर्म, वर मधोमध एक अपर आर्म, आणि मागे आडवा पॅनहार्ड बार, ज्याचं एक टोक बॉडीला आणि दुसरं ॲक्सलला असतं. 2011 च्या जीटीचं इंजिन 412 हॉर्सपॉवरचं. त्या ताकदीने चाकं गाडीला पुढे रेटतात, तो रेटा बॉडीपर्यंत पोचतो मुख्यतः खालच्या दोन आर्ममधून.

आता मालक पहिली गोष्ट काय करतो? आखूड स्प्रिंग घालून गाडी खाली घेतो. दिसायला छान दिसते. पण दांड्यांची लांबी तीच राहते आणि त्यांचे कोन बदलतात. गंमत इथून सुरू होते.

पॅनहार्ड बार धरा. समजा तो 1 मीटर लांब आहे आणि त्याचं बॉडीकडचं टोक ॲक्सलकडच्या टोकापेक्षा 80 मिमी वर आहे. गाडी 40 मिमी खाली आली की फरक उरतो 40. दांडी जास्त आडवी झाली, म्हणजे तिने आडवी जागा जास्त व्यापली. भूमितीने हिशोब केला तर ॲक्सल सुमारे 2.4 मिमी एका बाजूला ढकलला जातो. एका बाजूचं चाक तेवढं बाहेर, दुसरं तेवढंच आत. दोन्ही बाजूंच्या फटींत जवळजवळ 5 मिमीचा फरक. हे आकडे समजण्यापुरते आहेत, प्रत्यक्ष गाडीवर मोजूनच घ्यायचं. ॲडजस्टेबल पॅनहार्ड बार घेतात तो यासाठी: लांबी थोडी कमी-जास्त करून ॲक्सल परत मध्ये आणता येतो.

लोअर आर्मचं दुखणं जास्त खोल आहे. आर्म पुढच्या बाजूला किंचित चढता असेल, तर ॲक्सलचा रेटा बॉडीला पुढे ढकलता ढकलता वरही उचलतो. बॉडी वर उचलली जाते म्हणजे उलट टायर रस्त्यावर दाबला जातो. गाडी खाली घेतली की आर्मचं पुढचं टोक खाली येतं आणि हा फायदा आटतो. मग जोरात ॲक्सिलरेटर दिला की मागचं बूड बसतं, आणि मऊ बुश दबून-सुटून ॲक्सल थडथडायला लागतो. टायर पकडतो, सुटतो, परत पकडतो. याला व्हील हॉप म्हणतात. ते जोरात झालं तर डिफरन्शियल आणि शाफ्टवर हातोडे बसल्यासारखे धक्के बसतात. उपाय म्हणून ॲक्सलकडे रिलोकेशन ब्रॅकेट लावतात. त्यात आर्मच्या मागच्या टोकासाठी खालच्या बाजूला नवी भोकं असतात, म्हणजे चढ परत मिळतो.

मग मऊ रबर काढून कडक पॉलियुरेथेनचे बुश घालावेत का? इथे आमचं मत जाहिरातींपेक्षा वेगळं आहे. वळणावर एक चाक वर आणि एक खाली जातं, तेव्हा आर्मला स्वतःभोवती थोडं पिळावं लागतं. रबर ते सोसतं. पॉलियुरेथेन अडतं. दोन्ही टोकांना कडक बुश असतील तर ॲक्सल अडकल्यासारखा होतो आणि गाडीचा मागचा भाग वळणावर सूचना न देता सरकू शकतो. सरळ रेषेतल्या चौथाई मैलाच्या शर्यतीत हे कळणारही नाही, पावसातल्या घाटात मात्र कळेल. एका टोकाला पॉली आणि दुसऱ्याला गोलाकार बेअरिंग असलेला आर्म बरा. डिफरन्शियलवरचा वरचा बुश, रोजच्या गाडीत, आम्ही तरी रबराचाच ठेवू. तो कडक केला की गिअरचा आवाज थेट केबिनमध्ये येतो.

आता प्रत्यक्ष काम. पुढच्या चाकांना अडण लावा, बॉडीखाली स्टँड द्या, आणि डिफरन्शियलखाली जॅकचा आधार ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही, मिनिटभरासाठीसुद्धा नाही. ॲक्सल फार खाली सोडला तर स्प्रिंग निसटू शकते आणि ब्रेकच्या नळीवर ताण येतो. आर्म एका वेळी एकच काढायचा. दोन्ही सोडले की ॲक्सल फिरतो आणि मग भोकं जुळवताना घाम निघतो.

नवा आर्म घातला, बोल्ट सरकवले, नट हाताने लावले. इथे थांबायचं. ॲक्सल लोंबकळत असताना पूर्ण आवळायचं नाही. रबराच्या बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. आर्म हलतो तेव्हा ते रबरच पिळलं जातं, घसरत नाही. लोंबकळत्या स्थितीत बोल्ट आवळला तर तीच स्थिती रबराची ‘आरामाची’ ठरते. गाडी जमिनीवर आली की रबर उभ्या गाडीतही कायम पिळलेलं. मग ते लवकर फाटतं. म्हणून स्टँड बॉडीखालून काढून ॲक्सलच्या नळ्यांखाली द्या, किंवा गाडी रॅम्पवर चढवा, पुढची बाजूही समपातळीत आणा, आणि चाकांवर वजन असतानाच टॉर्क रेंचने आवळा. आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधला घ्यायचा, अंदाजाने नाही. पॉलीचा बुश नळीवर घसरतो, त्याला हा त्रास नाही. पण त्याला ग्रीस लागतं, नाहीतर प्रत्येक स्पीडब्रेकरवर कुरकुरतो.

अपर आर्म ॲडजस्टेबल असेल तर पिनियनचा कोन शेवटी बघायचा, तोही वजन चाकांवर असतानाच. जोर लागला की पिनियनचं नाक वर उठतं, म्हणून उभ्या गाडीत ते शाफ्टच्या रेषेपेक्षा एखाद-दोन अंश खाली ठेवतात.

एक प्रश्न आधीच आला होता: पैसे एकाच भागाचे असतील तर कोणता घ्यावा? गाडी खाली घेतली असेल तर पॅनहार्ड बार. घेतली नसेल आणि चाकं थडथडत असतील तर आधी टायर आणि जुने बुश तपासा. त्यात दोष नसेल, तरच लोअर आर्म. काहीही बदललं तरी पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने बघायचे, आणि अलाइनमेंटवाल्याला मागचा ॲक्सल गाडीच्या मध्यरेषेला काटकोनात आहे का हे मोजायला सांगायचं.