घराची राखण – भाग ९ : धुराचा अलार्म कोणता घ्यावा, कधी बदलावा

गेल्या आठवड्यात आपण मीटरपासून स्विचबोर्डपर्यंतची वायरिंग तपासली. ती चोख असली तरी गादीवर चार्जिंगला लावलेला मोबाइल मध्यरात्री धुमसू शकतो. अशा वेळी वासाने जाग येईल या भरवशावर राहू नका. झोपेत वासाची जाणीव मंदावते आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड गुंगी आणखी वाढवतो. कान त्या मानाने जागे असतात. म्हणूनच तीन मीटरवर ८५ डेसिबलचा आवाज करणारा धुराचा अलार्म घरात हवा.

खरेदीला गेलात की पहिली चूक इथेच होते. फायरच्या सामानाच्या दुकानात ‘स्मोक डिटेक्टर’ मागितला, की बहुतेकदा सोसायटीच्या पॅनलला जोडायचा डिटेक्टर हाती येतो. तो स्वस्त असतो, दिसायलाही तसाच. पण पॅनलशिवाय त्याचा आवाजच होत नाही! आपल्याला हवा बॅटरी आणि भोंगा पोटातच असलेला, एकट्याने चालणारा अलार्म. गॅसगळतीचा अलार्म ही वेगळीच वस्तू. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून तो जमिनीलगत लावतात. धूर वर जातो, म्हणून धुराचा अलार्म छताला.

आता आतली करामत. फोटोइलेक्ट्रिक अलार्मच्या पोटात काळी, वळणावळणाची छोटी कोठी असते. तिच्यात एक बारीक दिवा आणि त्याच्या झोतापासून बाजूला वळवून बसवलेला प्रकाशाचा सेन्सर. एरवी सेन्सरला तो प्रकाश जवळजवळ दिसतच नाही. धूर आत शिरला की कण प्रकाश विखुरतात, कवडशात धूळ चमकते तसे, आणि भोंगा सुरू होतो. दुसरा प्रकार आयोनायझेशनचा. त्यात अमेरिसियम-२४१ हा किरणोत्सारी पदार्थ अगदी अल्प प्रमाणात असतो. त्याने हवेत चालू ठेवलेला सूक्ष्म विद्युतप्रवाह धुरामुळे घटला की अलार्म वाजतो. भडकलेल्या ज्वाळा तो लवकर ओळखतो. धुमसणारी आग मात्र फोटोइलेक्ट्रिक आधी पकडतो. आपल्या घरांत गादी, सोफा, वायरचं आवरण आधी धुमसतं आणि फोडणीच्या धुराने आयोनायझेशनवाला उगाच ओरडतो. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे : फोटोइलेक्ट्रिकच घ्या. पाकिटावर यूएल २१७ किंवा ईएन १४६०४ हे मानक छापलेलं आहे का, तेही पाहा.

फोडणीला वैतागून अलार्मची बॅटरी काढून ठेवलेली घरं मी पाहिली आहेत, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं. दोष अलार्मचा नसतो, जागेचा असतो. शेगडीपासून निदान तीन मीटर लांब, बाथरूमच्या वाफेपासून आणि देवघरातल्या धूप-कापरापासून दूर, पंख्याच्या पात्याच्या टोकापासून किमान ९० सेंटिमीटर सोडून तो लावा. पंख्याचा वारा धूर त्याच्यापर्यंत पोचूच देत नाही. प्रत्येक बेडरूममध्ये एक आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये एक असावा. पैसे एकाचेच असतील तर पॅसेज निवडा आणि दारं बंद असतानाही आवाज नीट ऐकू येतो का, ते पाहा. स्वयंपाकघरासाठी धुराऐवजी उष्णतेवर चालणारा अलार्म मिळतो.

महिन्यातून एकदा बटण दाबून आवाज ऐका, जाळीवरची धूळ आणि कोळिष्टकं काढा. रंगकाम निघालं की रंगारी अलार्मवर प्लॅस्टिक गुंडाळतात. काम संपल्यावर ते निघालंय ना, हे स्वतः बघा. अलार्म मधूनमधून एकच ‘टिक्’ करू लागला तर बॅटरी संपत आली आहे.

बॅटरी बदलली म्हणजे अलार्म नवा झाला, असं मात्र नाही. आतल्या कोठीत धूळ बसते, सुटे भाग जुने होतात. म्हणून बनवल्याच्या तारखेपासून दहा वर्षांनी अख्खा अलार्म बदलायचा. कंपनीने कमी मुदत दिली असेल तर ती पाळायची. ही तारीख त्याच्या पाठीवर असते. जुना आयोनायझेशनवाला उघडू नका, भंगारातही देऊ नका. विक्रेत्याकडे परत करा.

सोसायटीच्या लॉबीतली यंत्रणा वेगळी. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार तिचं नमुना ‘ब’ प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. सेक्रेटरींकडे ते जरूर मागा. तुमच्या बेडरूममधला धूर लॉबीत पोचेपर्यंत मात्र फार उशीर झालेला असतो.

घरात आधीच अलार्म असेल, तर पुढचा भाग येण्याआधी स्टुलावर चढून त्याच्या पाठीवरची तारीख वाचा. दहा वर्षं उलटली असतील, तर नवा आणा.