हक्क कागदावर, पैसा कुठे?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली सरकारी शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. पैशातील भेद मात्र राहिला. टेक्सासमधील सॅन अँटोनियोच्या एजवूड भागात बहुसंख्य मुले मेक्सिकन वंशाची. १९६७-६८ साली तेथे शंभर डॉलरच्या मालमत्तेवर १.०५ डॉलर शाळाकर होता. त्यातून विद्यार्थ्यामागे मिळाले २६ डॉलर. बहुसंख्य गोऱ्यांच्या अलामो हाइट्समध्ये कर अवघा ८५ सेंट, पण मिळाले ३३३ डॉलर! कारण तेथील मालमत्ताच महाग. पालकांचा दावा १९७३ साली त्याच न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला.

सीमाभागातील बांधवांनी यातून बोध घ्यावा. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्यास राज्याने झटावे, असे घटनेचे कलम ३५०-अ सांगते. शाळेला मान्यता मिळाली म्हणून स्वस्थ बसू नका. शिक्षक, खोल्या, पुस्तके यांचा हिशेब ग्रामसभेत मागा.