पिकअपचा टेप स्वतः बदलताना

पिकअपमधला जुना टेप घरी बदलता येतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर मात्र काढा. खरी मेख जोडणीत आहे. बाजारातल्या बहुतेक सेटची पिवळी वायर थेट बॅटरीला, लाल चावीवर आणि काळी अर्थिंगला जाते. पिवळी-लाल उलटसुलट झाली, तर चावी बंद करताच घड्याळ आणि लावून ठेवलेली स्टेशनं पुसली जातात. स्पीकरची पट्टेरी वायर निगेटिव्ह असते, पण ती बॉडीला टेकवू नका. सेट जळू शकतो. गाडीकडच्या वायरींचे रंग कंपनीगणिक वेगळे, म्हणून मल्टीमीटरने तपासाच. वायरी पिळून चिकटपट्टी गुंडाळण्यापेक्षा तयार कपलर घ्या, खड्ड्यांच्या रस्त्यावर तोच टिकतो. मोठ्या ट्रकमध्ये बहुधा 24 व्होल्ट असतात. तिथे 12 व्होल्टचा सेट थेट जोडू नका.